सतराव्या नियमाचं शेपूट

"माझ्या शिकारीत चूक होणार नाही. चुकीला मी जागाच ठेवलेली नाही!" असं गिसबर्ट लोमायरने नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी सकाळी आधी आरशाला सांगितलं, मग बायकोला, रोसविथाला, आणि नंतर अंगणात जमलेल्या तेवीस बंदूकवाल्यांना. निमूटपणे ऐकून घेतलं ते फक्त आरशाने.

गिसबर्टने तीस वर्षं मोटार चालवण्याच्या परीक्षा घेतल्या होत्या. त्याने नापास केलेलं माणूस नाही असं घर बुखेनरोड गावात सापडायचं नाही. बेकरीवाल्या आनेग्रेटला तर त्याने तीनदा नापास केलं होतं. तिसऱ्यांदा तर वळणावर शिंकली म्हणून! आता निवृत्तीनंतर गावच्या शिकारीचं पुढारपण त्याच्याकडे आलं होतं, तेही एकाच शिकारीपुरतं. जमलं तर कायम, नाही तर पुढच्या वर्षी दुसरा कोणीतरी. अठ्ठावीस वर्षं हे काम करणाऱ्या वेंडेलिनकाकांचे गुडघे गेले होते. आपलं पितळी शिंग गिसबर्टच्या गळ्यात घालताना ते एवढंच म्हणाले होते, "माणसं आणि शिंग, दोन्ही धड परत आण."

गिसबर्टला हे पुढारपण मनापासून हवं होतं. निवृत्त झाल्यापासून त्याला कोणी घाबरेनासं झालं होतं आणि त्याची त्याला फार चुटपुट लागून राहिली होती.

त्याने सतरा नियम काढले होते आणि ते तो अंगणात उभा राहून वाचत होता. नारिंगी जाकीट प्रत्येकाच्या अंगात हवं. रानडुक्कर आहे, हरीण आहे की शेजारी आहे, हे नीट ओळखल्याशिवाय बंदूक उचलायची नाही. जनावराच्या मागे माती दिसली तरच गोळी झाडायची. पिल्लांच्या आईवर नेम धरायचा नाही. मचाणाची शिडी चढताना बंदूक रिकामी, हात मोकळे आणि गळ्यात काही लोंबकळता कामा नये. फोन सगळे रोसविथाच्या पावाच्या टोपलीत जमा.

"आणि सतरावा!" गिसबर्टने चष्मा वर सरकवला. "मी शिंग फुंकेपर्यंत मचाणावरून कोणीही खाली उतरायचं नाही. घड्याळं मागेपुढे असतात, शिंग एकच असतं."

"आणि कोणी येऊन सांगितलं की झालं, उतरा, तर?" आनेग्रेटने विचारलं.

"तरी उतरायचं नाही! गेल्या वर्षी पलीकडच्या गावात असंच झालं. कोणीतरी म्हणालं उतरा, अर्धे उतरले, अर्धे गोळ्या झाडत राहिले. एकाच्या टोपीला भोक पडलं! तेव्हा नीट ऐका. मी स्वतः मचाणाखाली येऊन हात जोडले, तरी उतरायचं नाही!"

"लक्षात ठेवते हं, साहेब," आनेग्रेट म्हणाली. तिने ते फारच गोड आवाजात म्हटलं, पण गिसबर्टच्या ते ध्यानात आलं नाही.

साडेनऊला सगळे आपापल्या मचाणावर पोचले. गिसबर्टही आपल्या शिडीपाशी आला. गळ्यात काही लोंबकळता कामा नये! त्याने शिंग काढून खालच्या खिळ्याला अडकवलं. त्याला दोरी बांधून तिचं टोक वर न्यायचं आणि मग ओढून घ्यायचं, असा बेत होता. वर गेल्यावर त्याने बंदूक भरली, मांडीवर घोंगडी घेतली, थर्मास उघडला. दोरी बांधायचं तो साफ विसरला होता.

हाका झकास झाला. कुत्री भुंकली, हाकाऱ्यांनी रान डोक्यावर घेतलं, इकडून तिकडून बार ऐकू आले. बाराला हाकारे कुत्र्यांना घेऊन गावात परतले. गिसबर्टने ऐटीत छातीवर हात नेला. छातीवर फक्त छाती होती.

त्याने खाली वाकून पाहिलं. शिंग खिळ्याला होतं आणि शिंगाखाली एक डुकरीण उभी होती, सहा पिल्लांसकट!

"हाड! जा! चल!" गिसबर्ट कुजबुजला. डुकरीण काही परीक्षेला बसलेली नव्हती. तिने मचाणाच्या खांबाला पाठ लावली आणि खसाखसा घासायला सुरुवात केली. मचाण हललं, थर्मास लवंडला, शिंग खिळ्यावरून सुटून चिखलात पडलं. नेम धरावा तर पिल्लांची आई! मग एकेक पिल्लू शिंगावर नाचून गेलं आणि शेवटी आईसाहेबांनी स्वतः त्यावर पाय ठेवला. गिसबर्टने डोळे मिटून घेतले.

ते कुटुंब गेलं तेव्हा एक वाजून गेला होता. गिसबर्टने बंदूक रिकामी केली आणि मग तो पाच मिनिटं शिडीच्या वरच्या पायरीवर घुटमळला. शिंग वाजल्याशिवाय उतरायचं नाही आणि उतरल्याशिवाय शिंग मिळायचं नाही! शेवटी मन घट्ट करून तो उतरला. शिंगाची भाकरी झाली होती. त्याने त्यातला चिखल काढला, गाल फुगवून फुंकलं, तर आतून फक्त एक सुस्कारा आला.

"काका काय म्हणतील?" गिसबर्टला खरोखर रडू आलं.

पण तेवीस मचाणांवर तेवीस माणसं भरल्या बंदुका घेऊन थंडीत बसली होती. तो मचाणांच्या मागच्या रस्त्याने निघाला. आपल्याला कोणी डुक्कर समजू नये म्हणून नाताळचं गाणं मोठमोठ्याने म्हणत निघाला. पहिलंच मचाण आनेग्रेटचं.

"उतरा! शिकार संपली!"

"कोण बोलतंय?"

"मी! गिसबर्ट!"

"मग नाही उतरत." वरून पावाचा तुकडा मोडल्याचा आवाज आला. "नियम सतरा."

"अहो बाई, तो नियम मीच केलाय!"

"म्हणूनच पाळतेय. हात जोडलेत का?"

गिसबर्टने हात जोडले.

"तरी उतरायचं नाही, असंच म्हणाला होतात ना?"

पुढच्या मचाणावर जनावरांचा डॉक्टर टिलमान होता. त्याचे पाय गारठून बधिर झाले होते, पण निर्धार शाबूत होता. "मागे तुम्ही मला पार्किंगवरून नापास केलंत, लोमायर. आज नाही जमणार!" तो ओरडला. तेवढ्यात पलीकडे बार उडाला आणि गिसबर्ट सरळ चरात आडवा झाला. मग आणखी एक. मग दोन. हाका संपला असं समजून रानातली डुकरं दाट झाडीतून निवांत बाहेर पडली होती आणि तेवीसच्या तेवीस बंदुका आपापल्या जागी होत्या.

इकडे रोसविथाच्या वाटाण्याच्या सुपात पळी उभी राहू लागली होती. "दोन वाजले, काका. शिंग नाही वाजलं," ती म्हणाली.

"शिंगाला काहीतरी झालंय," वेंडेलिनकाका उठले. "बागेची नळी कुठाय? आणि तुझं मुरंब्याच्या बरण्या भरायचं नरसाळं आण."

अडीच वाजता गावाच्या टेकडीवरून शिकार संपल्याची खूण वाजली. आवाज जरा घोगरा होता, पण ती फुंकर अठ्ठावीस वर्षांच्या ओळखीची होती. तेवीस जणांनी बंदुका रिकाम्या केल्या आणि मगच शिड्यांवर पाय ठेवले. गिसबर्ट चरातून उठला. कोणाला ओरखडाही आलेला नव्हता, हे त्याने तीनदा मोजून पाहिलं.

संध्याकाळी अंगणात फर झाडाच्या फांद्यांवर चौदा डुकरं आणि पाच हरणं ओळीने ठेवली होती. इतकी शिकार वेंडेलिनकाकांच्या काळातही झाली नव्हती. मग रिवाजाप्रमाणे जेवणाआधी, नियम मोडणाऱ्यांचा गमतीने निवाडा करणारं शिकारीचं न्यायालय बसलं. न्यायाधीश आनेग्रेट! बेकरीचा पांढरा एप्रन उलटा घालून ती टेबलाशी उभी राहिली.

"आजच्या शिकारीत तेवीस जणांनी सतरा नियम पाळले," ती म्हणाली. "शिंग वाजण्याआधी मचाणावरून एकच माणूस उतरला. आरोपी, उभे राहा."

गिसबर्ट उभा राहिला. त्याने ती पितळी भाकरी काकांपुढे ठेवली. "माणसं धड आणली, काका," तो हळूच म्हणाला. "शिंग नाही."

काकांनी शिंग उलटसुलट करून पाहिलं. "ठीक आहे. दोन्हींतलं एकच धड यायचं, तर हेच बरं झालं."

आनेग्रेटने पेनाने टेबलावर तीनदा टकटक केलं. ती टकटक गिसबर्टचीच होती. तीस वर्षं तो असाच पेन आपटत आला होता.

"नापास!" आनेग्रेट म्हणाली.

सगळं अंगण टाळ्या वाजवू लागलं. गिसबर्ट टोपी हातात घेऊन दाराकडे वळला. पुढारपण गेलंच होतं, निदान सूप तरी घरच्या टेबलावर एकट्याने प्यावं.

"कुठे निघालात? निकाल पुरा ऐका," आनेग्रेट म्हणाली. "फेरपरीक्षा पुढच्या नोव्हेंबरात. याच रानात, याच सतरा नियमांनी, तुमच्याच हाताखाली. तयारी करून या."

गिसबर्टला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा तो इतका हसला की त्याचे डोळे भरून आले.

"आणि शिंग?" त्याने विचारलं.

रोसविथाने बागेची नळी आणली आणि नरसाळ्यासकट त्याच्या गळ्यात घातली. "ही घे. आणि शिडी चढताना काढू नकोस!"