वारा कुठनं घुसतो?

तासगावच्या स्टँडवर एखादा अनोळखी माणूस तुमच्या शर्टाची बाही दोन बोटांत धरून चोळायला लागला, तर पाकीट सांभाळायची गरज नाही. ते आमचे ज्ञानूतात्या. ते फक्त विचारणार, "पावनं, ह्यात वारा कुठनं घुसतो?" आणि उत्तर देता आलं नाही, तर तुमच्याकडे असं बघणार की तुमच्यासाठी बांबू आणायला माणूस गेलाय.

तात्या आमच्या शेजारचे. साठीला आलेले, बिनलग्नाचे, झुबकेदार मिशीचे. बेदाण्याच्या शेडवर मुकादम होते आणि जगातलं सगळं ज्ञान त्यांना त्या शेडनंच दिलेलं. "बेदाना उन्हात वाळत न्हाई, सावलीत वाऱ्यावर वाळतो. मानूसबी तसाच," हा त्यांचा सिद्धांत. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांनी तो पळायच्या कपड्यांना लावला. स्वतः तात्या समोरून एस.टी. सुटली तरी कधी पळाले नव्हते.

कारण होतं शैला, त्यांच्या थोरल्या भावाची मुलगी. पोलीस भरतीत मुलींसाठी जागा निघाल्या होत्या आणि मे महिन्यात सांगलीच्या मैदानावर पळायची चाचणी होती. शैलाच्या पायांत बळ होतं. पण तिच्या वडिलांनी, अप्पांनी, अट घातली, "हाफ चड्डीत माजी पोरगी पळायची न्हाई. अंगभर कापड आसंल तरच जायाचं." अंगभर कापड म्हणजे कॉलेजचा पॉलिस्टरचा ड्रेस. सरावाला दुसऱ्या फेरीतच तो अंगाला चिकटायचा आणि तिसऱ्या फेरीत शैला चक्कर येऊन बांधावर बसायची.

गावाला तिच्या चकरेची काळजी नव्हती. मुलीचा घोटा किती दिसतो याची खबर मात्र आमच्याकडे पक्की असते, आणि ती खबर ठेवणारे स्वतः चड्डी-बनियनवर पानपट्टीसमोर बसलेले असतात.

मी तेव्हा समतेवर पत्रकं लिहायचो, गठ्ठा खिशातच असायचा. अप्पांना अर्धा तास स्त्रीमुक्ती ऐकवली. अप्पांनी चहा पाजला. बाहेर आल्यावर तात्या म्हणाले, "लेका, भाषान लय भारी झालं. पर त्यात वारा खेळत न्हाई."

मग तात्यांचं संशोधन सुरू झालं. सापडेल त्या कापडाचा तुकडा आणायचा, भिजवून दोरीवर टाकायचा आणि घड्याळ घेऊन समोर बसायचं. टेरिकॉट नापास. नायलॉन? "पिशवी हाय, पिशवी." कीटकनाशकवाल्यांनी फुकट वाटलेली काळी टोपी? "हिच्यात डोस्कं शिजतंय." एकदा तर बनियन पांढरंशुभ्र राहावं म्हणून त्यांनी ते बेदाण्यासारखं गंधकाच्या धुरीत ठेवलं आणि स्वतः घालून उन्हात उभे राहिले. घाम फुटताच तात्या थेट हौदात. संध्याकाळपर्यंत खाजवत होते. "बेदान्याला घाम येत न्हाई, ह्ये ध्यानातच आलं न्हाई गड्या."

शेवटी ते धुऊन धुऊन विरलेल्या धोतराच्या कापडावर येऊन थांबले. सैल सलवार, वर कमीज, काखेत आणि पाठीवर विरळ जाळीच्या पट्ट्या. शिंपी वैतागला.

"तात्या, ह्यो ड्रेस हाय का शेड?"

"शेडच हाय. शिव तू."

पण पहिला ड्रेस तात्यांनी स्वतःच्या मापाचा शिवून घेतला. आणि मग चाचणीआधीचा आठवडाभर गावानं तो देखावा पाहिला. दुपारी एक वाजता, द्राक्षबागांमधल्या गाडीवाटेनं, पांढरी सलवार-कमीज घातलेले मिशाळ ज्ञानूतात्या पळताहेत! ट्रॅक्टर थांबले.

"तात्या, सासर कंचं?"

"आवं, वडनी ऱ्हायली की घरात!"

तात्या धापा टाकत ओरडले, "वडनीनं वारा आडतोय रं!"

रोज पळायचं, मग शिंप्याकडे जाऊन कुठली पट्टी रुंद करायची ते सांगायचं. मीही पोट धरून हसलो. माझ्या समतेच्या पत्रकात सलवार घातलेल्या पुरुषाची सोय नव्हती.

शेवटी एकदा विचारलं, "तात्या, शैलाच घालून बघेल की."

"आनि चुकलं मंजी? पोरगी पडंल उन्हात. माजं काय, कोनतरी उचलून न्हील."

शैलाच्या मापाचा ड्रेस आदल्या रात्री शिवून झाला. चाचणीच्या दिवशी अप्पा आले नाहीत. शैलाची कागदपत्रं सांभाळायला मी गेलो आणि सोबतीला तात्या. मैदानात आम्हाला सोडलं नाही. शैलाचा नंबर येईपर्यंत बारा वाजले. आत शिटी झाली तशी तात्यांनी डोळे मिटले आणि भिंतीला कपाळ टेकून उभे राहिले. भिंत तापलेली होती, तरी हलले नाहीत.

शैला धापा टाकत फाटकातून बाहेर आली. "तात्या, येळंत आले. चक्करबी न्हाई आली."

तात्या फुटपाथवर मटकन बसले. चपला सुटून बाजूला पडल्या. दोन्ही पायांच्या तळव्यांना फोड आले होते, काही फुटलेले, काही आदल्या दुपारचे ताजे.

शैला खाली बसली. "तात्या, अनवानी पळत हुता व्हय तुमी?"

"चपला घालून पळता येतंय का कुनाला?"

तिनं हातातल्या बाटलीचं टोपण काढलं. तात्यांनी घाईनं पाय आखडून घेतले. "आगं, आदी तू पी की."

शैलानं त्यांचा पाय ओढून मांडीवर घेतला आणि नंबर लावून उभ्या असलेल्या पोरींसमोर, बाटली रिकामी होईपर्यंत पाणी ओतत राहिली.