डोहावरची इंग्रजी पाटी

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांना मराठी येत होतं. त्यामुळे कोणी एकमेकांचं ऐकत नसे.

या जंगलात रुंजी नावाची सायाळ नुकतीच लग्न होऊन आली होती. पाणी भरायचं काम अर्थातच तिच्याकडे आलं. उन्हाळ्यात नदी आटून एकच डोह उरला होता. रुंजी तिथे गेली, तर पाण्यात मगर. चार काटे गमावून ती कशीबशी घरी आली. सासूबाईंनी आधी विचारलं, पाणी कुठंय.

सभा भरली. डोहावर धोक्याची पाटी लावायचं ठरलं. शेजारच्या जंगलात पाट्या इंग्रजीत होत्या, म्हणून आपलीही इंग्रजीतच. इंग्रजी येत होतं दोघांनाच, राघूमास्तरांना आणि साळुंकीबाईंना.

मास्तर म्हणाले, वाक्य 'टू स्विम'ने सुरू करू, ते भारदस्त वाटतं. बाई म्हणाल्या, असं आता कोणी बोलत नाही, सरळ 'स्विमिंग इज डेंजरस' लिहा. मास्तरांनी व्याकरणाचं पुस्तक आणलं. बाईंनी त्याहून जाड आणलं. दोन्ही पुस्तकांत दोन्ही वाक्यं बरोबर निघाली. मग भांडण मिटायला काही कारणच उरलं नाही.

"तोवर पाणी कुठून आणू?" रुंजीनं हळूच विचारलं.

"नव्या सुनेनं सभेत बोलू नये," सासूबाई म्हणाल्या. "त्यातून ही इंग्रजीची सभा."

रुंजी उठली. नदीच्या कोरड्या पात्रात गेली आणि वाळूत झिरा खणला. हातभर खाली गोड पाणी लागलं. दुपारपर्यंत सगळं जंगल तिथे प्यायला लागलं. मास्तर आणि बाईही मधल्या सुट्टीत येऊन घसा ओला करून गेले.

डोहाकडे कोणी फिरकेना. पंधराव्या दिवशी उपाशी मगरीनं डोकं वर काढलं.

"मास्तर, कसंही लिहा," ती म्हणाली, "पण कुणीतरी उतरा हो."

कोणी उतरलं नाही. मगर कंटाळून खालच्या अंगाला निघून गेली.

त्यानंतर तीन दिवसांनी पाटी लागली. वर मास्तरांचं वाक्य, खाली बाईंचं. मगर पाटीला घाबरूनच गेली, असा ठराव एकमतानं झाला. दोघांना शाल-नारळ मिळाला. सत्काराच्या चहाला पाणी रुंजीनं भरलं.

"आमची सून तशी गुणी आहे," सासूबाई पाहुण्यांना सांगत होत्या. "इंग्रजी तेवढं नाही."

तात्पर्य: संकट आलं की आधी वाक्याची सुरुवात ठरवावी. दोन्ही बरोबर असतील तर जास्त दिवस ठरवावी. पाण्याचं काय, ते सून बघते.