आमच्याकडे नागीण निघाली आहे

आमच्या घरात चिखलाचे जोडे आणि खात्री न केलेली माहिती, या दोन गोष्टींना उंबरठ्याच्या आत प्रवेश नाही. जोड्यांचा नियम माझ्या सासूबाईंचा, माहितीचा माझा. पपईच्या पानाने चष्मा सुटतो, उलटे चालल्याने साखर उतरते, असले संदेश गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडले की पाठवणाऱ्याची भरसभेत हजेरी घेणारी बाई म्हणजे मीच. गाव मला आक्का म्हणते. येडगाव धरणाच्या अलीकडे कोणालाही विचारा, आक्काला कोणी फसवू शकत नाही!

हे शास्त्र मला माझी नात श्रेया हिने शिकवले. ती पुण्यात परिचारिकेचे शिक्षण घेते. तिने मला सांगितले, "आजी, मोबाइलवर आरोग्याचं काहीही वाचलंस की तीन प्रश्न विचार. सांगतोय कोण? सांगितलं कधी? आणि विकतोय काय?" मी ते प्रश्न सुवाच्य अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवले आहेत. चौथा प्रश्न तिने सांगितला नाही. तो मला स्वतःला शोधावा लागला, आणि त्यासाठी आमच्याकडच्यांना दीड तास कोंडून घ्यावे लागले.

"आमच्याकडचे" म्हणजे माझे यजमान. आमच्या पिढीत नवऱ्याचे नाव घेत नाहीत. ते जेवले, तर "आमच्याकडे जेवण झाले" असे म्हणायचे. त्यांना पडसे झाले, तर "आमच्याकडे पडसे आहे". ऐकणाऱ्याला बरोबर कळते. निदान बावन्न वर्षे कळत होते.

तर त्या रविवारी सकाळी आमच्याकडे कमरेवर डाव्या अंगाला पुरळ उठले. आधी दोन दिवस नुसतीच आग होत होती. आता लालबुंद फोडांची एक रांगच पाठीकडून पोटाकडे निघाली. सोमवारी उजाडता उजाडता ती चांगली हातभर झाली. शेजारची कुशाबाई ताक मागायला आली होती, तिने बनियन वर करून पाहिले आणि ताकाचे भांडे खाली ठेवले.

"आक्का, ही तर नागीण! कमरेला येढा घालती ती. तोंड नि शेपूट जुळलं का माणूस गेला बगा. गेरू लावा गेरू."

उसात बिबट्या शिरला तेव्हा हातात नुसती बॅटरी घेऊन पुढे गेलेले हे गृहस्थ, कुशाबाईचे वाक्य संपायच्या आत बाजेवर आडवे झाले. माझा निळा स्वेटर कोणाला देऊ नका, असेही त्यांनी क्षीण आवाजात सांगून ठेवले. मी वरवर त्यांना दटावले. पण खरे सांगते, आत जाऊन शिवणाची टेप घेऊन आले आणि मापले. तोंड आणि शेपूट यांत अजून पुष्कळ अंतर होते.

मुलगा चाकणला कंपनीत गेलेला, सून शाळेवर. श्रेयाला फोन लावला. ती वॉर्डात असल्याने फोन बंद. मग मी चष्मा पुसला आणि मोबाइल हाती घेतला.

"नागीण" म्हणताच प्रथम हिरव्या डोळ्यांची एक दागिन्यांनी मढलेली बाई मालिकेतून माझ्याकडे फूत्कारली. तिला बाजूला सारले. पुढे पांढऱ्या कोटातले एक गुरुजी तेलाची बाटली दाखवत होते. विकतोय काय? तेल! बाद. त्यानंतरच्या लेखावर तारीखच नव्हती. बाद. शेवटी एका पानावर लिहिले होते की नागीण झाल्यास शिडी लावून जुनी कौले काढावीत व नवी बसवावीत. इंग्रजीत या आजाराचे आणि छपराच्या कौलांचे नाव एकच, 'शिंगल्स', आहे, हे मला श्रेयाने मागाहून सांगितले. त्या क्षणी मात्र मी एकदा छपराकडे पाहिले, हे कबूल करते.

मग मला सुचले की आपल्या ग्रुपवर चारशे माणसे आहेत. त्यांत दोन डॉक्टर, एक औषधांचे दुकानदार, शिवाय आरोग्य खात्याच्या आशाताई. माझे लिहिणे नेहमीच नेमके आणि शुद्ध असते. मी लिहिले:

"सर्व ग्रामस्थांना सा. न. वि. वि. आमच्याकडे कालपासून नागीण निघाली आहे. कमरेपर्यंत आली आहे. ऐकीव उपाय नकोत. ज्यांना खात्रीशीर माहिती आहे, त्यांनीच त्वरित कळवावे. द्रौपदाबाई."

दोन मिनिटांत उत्तरांचा पाऊस! आणि आश्चर्य म्हणजे सगळी उत्तरे एकमुखी. दाराच्या फटीला ओले पोते लावा. आवाज करू नका. दूध अजिबात ठेवू नका, ती दूध पीत नाही. काठी मारू नका, कायद्याने गुन्हा आहे. हा शेवटचा सल्ला मला जरा उद्धट वाटला. बावन्न वर्षांत मी यांच्यावर काठी उगारलेली नाही. पण अनेकांनी एकच नाव सुचवले होते: पोपटभाऊ. त्यांचा स्वतःचाही संदेश आला, "बारा वर्षांचा अनुभव. सातशेच्या वर केसेस केल्या, एक पण दगावली न्हाई. फी घेत न्हाई."

मी फ्रिजपाशी गेले. सांगतोय कोण? नावागावाचा, अनुभवी माणूस. कधी? आत्ता. विकतोय काय? काहीही नाही! तिन्ही प्रश्नांत पैकीच्या पैकी गुण मिळवणारा पहिलाच मनुष्य मला भेटला होता. इतक्यात त्यांचाच फोन आला.

"आक्का, लांबी किती हाय?"

"हातभर. अजून वाढते आहे."

"वाढतीय?" पोपटभाऊंनी पुन्हा विचारले. "आन् रंग?"

"लालबुंद."

"लाल नागीण मी आजून पायली न्हाई. कुणाला चावलीबिवली का?"

"चावल्याचे ठाऊक नाही. आग मात्र फार होते म्हणतात."

"कुणाला आग व्हतीय?"

"आमच्याकडे."

"समद्यांलाच?"

"आमच्याकडे म्हणजे आमच्याकडे!" मी आवाज चढवला. एवढा मोठा तज्ज्ञ, आणि साधे मराठी कळू नये!

पलीकडे गाडीला किक मारल्याचा आवाज आला. "खोलीचं दार लावून घ्या. हात लावू नका, हलवू नका, फकस्त नजर ठिवा. डिंभ्याहून निघालोच. ॲम्ब्युलन्सला पण सांगतो."

ॲम्ब्युलन्स! म्हणजे प्रकरण गंभीर होते. मी दाराला बाहेरून कडी घातली, फटीला ओले पोते कोंबले आणि खिडकीतून नजर ठेवून बसले. दहाच्या चहाची वेळ झाली. दूध वर्ज्य असल्याने कोरा चहा गजातून आत दिला.

दीड तासात आमच्याकडून चारच वाक्ये आली. पहिले, हा चहा आहे का काढा? दुसरे, नागीण मला झाली, मग पोते दाराला कशाला? मी सांगितले, तज्ज्ञांचा सल्ला आहे. तिसरे वाक्य दर पाच मिनिटांनी येत होते.

"अगं, मला लघवीला जायचंय."

"हलायचे नाही. सातशे केसेस केल्यात त्यांनी, एकही दगावली नाही."

"त्या समद्या अशाच कोंडल्या व्हत्या का?" हे चौथे.

इतक्यात अंगणात मोटारसायकली शिरल्या. बिबट्या आला तरी आमच्या गावात एवढी माणसे जमत नाहीत! दोन डॉक्टर मात्र त्यांत नव्हते; असा मजकूर पाहून त्यांनी आपापले दवाखाने चालू ठेवले असावेत. सर्वांत पुढे गुडघ्यापर्यंत बूट घातलेले, हातात लोखंडी आकडा आणि खांद्यावर कापडी पिशवी घेतलेले एक गृहस्थ होते. कमरेच्या आजारावर आकडा कशाला, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मी म्हटले, "यावे पोपटभाऊ. आत आहे."

गर्दी दहा पावले मागे सरली. पोपटभाऊंनी पोते आकड्याने अलगद बाजूला ओढले, कडी काढली आणि दार इंचाइंचाने उघडले. बाजेखाली पाहिले, माळ्यावर पाहिले. मग आमच्याकडच्यांना दबक्या आवाजात विचारले, "काका, कुठंय?"

यांनी बनियन वर केले. "ही काय."

पोपटभाऊंनी बराच वेळ त्या कमरेकडे पाहिले. मग आकडा भिंतीला टेकवून ठेवला.

"आक्का," ते म्हणाले, "ही माझ्या पिशवीत न्हाई मावायची."

अंगणात जे हसू फुटले, ते धरणाच्या भिंतीवरही ऐकू गेले असेल. आमच्याकडचे त्या गर्दीतून वाट काढत परसाकडे धावले; त्या धावेवरून मला एवढे कळले की माणूस अजून पुष्कळ खंबीर आहे. मी मात्र हयातीत पहिल्यांदा पदराने तोंड झाकले. पोपटभाऊ सर्पमित्र निघाले! सातशे साप पकडून रानात सोडलेला माणूस!

हसले नाहीत ते एकटे पोपटभाऊच. "माझ्या सासूला झाली व्हती ही," ते हळूच म्हणाले. "आमी पंधरा दिस गेरू लावत बसलो. आता दोन वर्सं झाली, कमरंला साडी टेकली तरी वरडती. डॉक्टर म्हणला, तीन दिसाच्या आत गोळ्या पायजे व्हत्या. काकांचा आज कितवा दिस?"

"दुसरा."

"मंग हसू द्या त्यांना. गाडी दारात हाय, चला."

सर्पदंशासाठी आलेल्या गाडीतून आम्ही दवाखान्यात पोहोचलो. तिथे सलाइन लटकवून सगळे सज्ज उभे होते. डॉक्टरीणबाईंनी कंबर पाहिली, सलाइन परत पाठवले आणि समजावून सांगितले. लहानपणीच्या कांजिण्यांचे विषाणू मज्जातंतूंत झोपून राहतात, उतारवयात जागे होतात. पुरळ बहुधा एकाच अंगाला उठते. कमरेला वेढा पडून माणूस मरतो, ही समजूत खोटी. वेळेत आणलेत, चांगले केलेत, असेही त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारले, "इतक्या लवकर आणायला कोणी सांगितलं?"

मी मान ताठ केली. "अनुभवी तज्ज्ञांनी."

"कोण डॉक्टर?"

"सर्पमित्र," आमच्याकडचे खाटेवरून म्हणाले.

घरी आलो तो मोबाइल तापून गेला होता. मंचरहून नणंदेचा फोन, भीमाशंकरहून भाच्याचा. सगळ्यांनी रडायचे ठरवूनच फोन केला होता. खुलासा लिहिणे भागच होते. मी लिहायला घेतले, "आमच्याकडे आता बरे..."

"थांब," हे म्हणाले. "परत घोळ नगं. नाव घालून लिही."

मी फ्रिजकडे पाहिले. चौथा प्रश्न तो हाच होता: विचारणारी नेमके विचारते आहे का? उत्तरे सगळी खरी होती हो. माझा प्रश्नच तेवढा अर्धवट होता.

एकेक अक्षर दाबून लिहिले. "माझे पती हौशीराम यांना नागीण हा आजार झाला असून उपचार सुरू आहेत. घरात साप नाही." चारशे लोकांनी वाचले. कुशाबाईने लगेच उलट लिहिले, "आक्का, उखाणा राह्यला."

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिवसातून पाच वेळा दिल्या होत्या. मोबाइलमध्ये लिहिलेले वाचून दाखवणारी एक बाई असते, तिचे बटण यांना कोणी दाखवले देव जाणे. दर गोळीला हे पाण्याचा पेला ठेवत आणि ते बटण दाबत. ती बाई सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणे, "माझे पती हौशीराम."

गोळ्या सातव्या दिवशी संपल्या. बटण अजून चालू आहे.