गुलाबरावांचा पिवळा ओटा

आमच्या शेजारच्या गुलाबरावांच्या स्वयंपाकघरात शिरायचं तर आधी तळहात दाखवावे लागत. "हयद तं नाई ना लागली, वयनी?" म्हणत ते हळदीच्या डागासाठी माझी नखंसुद्धा निरखत. मी चार लेकरांची आई, पण त्यांच्या दारात शाळेतल्या पोरीसारखी हात पुढे करून उभी राही.

सगळं त्या ओट्यापायी. साठ सालच्या सुमारास मूर्तिजापुरात आमच्या गल्लीतल्या सगळ्याजणी चुलीपुढे बसूनच रांधत. गुलाबराव रेल्वेत पार्सलबाबू. त्यांच्या वत्सलाबाईंचे गुडघे दुखत, म्हणून त्यांनी हौसेनं उभ्यानं रांधायचा ओटा बांधला. लिलावातली तडकलेली संगमरवरी लादी आणली, मिस्त्रीकडून भेगांत झाडाच्या चिकाची राळ भरून घेतली, वरूनही राळ-मेण घोटवलं. ओटा असा चमके की अख्खी गल्ली पाहायला लोटली.

वर्षभरात तो पिवळा पडू लागला.

"हिनंच हयद सांडली असन," गुलाबरावांनी निकाल दिला. वत्सलाबाई शपथा घेऊन थकल्या. लिंबू, राख, ताक, सगळं घासून झालं. पिवळेपणा हटेना, तेव्हा ओट्यावरून बाईंचीच हकालपट्टी झाली. गुडघ्यांसाठी बांधलेला ओटा नुसता पडून राहिला आणि त्या पुन्हा जमिनीवर बसू लागल्या, भिंतीला धरून उठू लागल्या. संक्रांतीचं हळदीकुंकूसुद्धा त्यांना माझ्या ओसरीवर करावं लागे. बाया हसत. मीही हसायचे, पण त्या माणसाचा मला मनापासून राग येई.

एका हिवाळ्यात वत्सलाबाई तापानं गेल्या. गुलाबरावांनी हळदीचा डबा घराबाहेर काढला, ओट्यावर चादर घातली आणि खानावळीचा डबा लावला.

वर्षश्राद्धाच्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. तळहात पाहिले नाहीत. ओट्यावरची चादर काढलेली होती. लादी पूर्वीपेक्षा पिवळी झाली होती, पार कोपऱ्यापर्यंत.

"हयद नोतीच वो, वयनी. राळच पिवळी पडून रायली. अन् मी तिले..."



"आता कळून काय उपयोग?" मी म्हटलं. मला दया दाखवायची नव्हती.

ओट्यावर स्टोव्ह होता, त्यावर वरण रटरटत होतं. शेजारी हळद सांडलेली, ती त्यांनी पुसली नव्हती. जन्मात पहिल्यांदा रांधलं होतं त्यांनी. माझ्या हातात वाटी देत ते हळूच म्हणाले, "उभ्यानं लय सोपं जाते, वयनी. गुडघ्यायले काईच नाई होत."