पाच शिखरं आणि सासूबाई

सासूबाईंनी बूट विकत घेतले, तेव्हाच चष्मेवाल्याने सावध व्हायला हवं होतं. त्या थेट त्याच्या दुकानात आल्या, काउंटरवरच्या फ्रेमा बाजूला सारून त्यांनी खोका उघडला आणि म्हणाल्या, "जावईबापू, जरा बघा. तळ चांगला जाड आहे. डोंगराला चालतील ना?"

"कुणासाठी घेतले?" गिऱ्हाइकाच्या नाकावरची फ्रेम सरळ करत चष्मेवाल्याने विचारलं.

"माझ्यासाठी. यंदा मी येणार तुमच्याबरोबर. पाचही शिखरं करणार."

गिऱ्हाइकाच्या नाकावरची फ्रेम पुन्हा वाकडी झाली.

मुळात खोटं बोलायचा कुणाचाच विचार नव्हता. अकरा वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात चष्मेवाला आणि त्याचे दोन मित्र, एक गणित शिकवणारे सर आणि एक छापखानेवाला, खरोखरच डोंगर चढायला निघाले होते. पायथ्याशी इतकं धुकं होतं की डोंगर आहे कुठे हेच कळेना. तिथल्या विश्रामगृहात त्यांनी एक खोली घेतली, शेगडी मागवली, पत्ते कुटले, दुपारी ताणून दिली आणि संध्याकाळच्या बसने घरी आले. घरी बायकोने पाय शेकायला गरम पाण्याचं घमेलं ठेवलं, सासूबाईंनी अंगावर शाल टाकली आणि विचारलं, "किती शिखरं झाली?" गरम पाण्यातून पाय काढून खरं बोलायला फार मोठं मन लागतं. चष्मेवाला म्हणाला, "दोन."

पुढच्या वर्षी दोनच कशी सांगायची? म्हणून तीन झाली, मग चार, मग पाच. तिथे सरांनी लगाम घातला, कारण नकाशात त्यापुढे शिखरच नव्हतं. धुकं पुन्हा कधी पडलं नाही, पण विश्रामगृहातली खोली कुणी सोडली नाही.

हे सगळं सोडून देता आलं असतं, पण एक अडचण होती. सासूबाईंचा थोरला जावई पूल बांधायचा. घरात चार माणसं जमली की पुलांचं बोलणं निघायचं आणि चष्मेवाल्याच्या दुकानाची चौकशी शेवटी, हात धुता धुता व्हायची. फक्त वर्षातून एकदा, डोंगरावरून आल्यावर, सासूबाई खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसायच्या आणि थोरला जावई गप्प ऐकायचा. त्या एका संध्याकाळच्या जिवावर चष्मेवाला उरलेलं वर्ष काढत असे. ती गेली की त्याच्याकडे काय उरणार होतं? नंबर तपासायचं यंत्र.

त्याच दिवशी छापखान्यात तातडीची बैठक भरली.

"साधं आहे," सर म्हणाले. "पहिल्या शिखरावर नेऊ. अडुसष्ट वय आहे त्यांचं. अर्ध्यातच म्हणतील, पुरे झालं. आपण म्हणू, तुमच्यासाठी आम्हीही परत फिरतो. खोटं उघडं पडणार नाही आणि वर पुण्यही लागेल."

"आणि नाही दमल्या तर?" छापखानेवाल्याने विचारलं.

"माणूस दमतोच," सर म्हणाले. सासूबाई चौथ्या मजल्यावर राहतात आणि तिथली लिफ्ट दोन वर्षं बंद आहे, हे सरांच्या गणितात कुणी धरलंच नाही.

ठरलेल्या सकाळी चौघं पायथ्याशी उतरले. गवतावर दहिवर गोठलं होतं आणि बोलताना तोंडातून वाफ निघत होती. ते विश्रामगृहासमोरून मान खाली घालून चालले होते, तेवढ्यात दार उघडून खोलीवाला बाहेर आला.

"या या. तुमची खोली गरम करून ठेवलीय. पत्तेही नवे आणलेत."

सर खोलीवाल्याच्या अंगावर खेकसले, "कोण पत्ते? माणसं बघून बोलत जा." आणि सासूबाईंकडे वळून मऊ आवाजात म्हणाले, "नजर अधू आहे बिचाऱ्याची. कुणालाही कुणीही समजतो."

"मग जावईबापूंनी चष्मा करून द्यायला हवा याला," सासूबाई म्हणाल्या आणि चालू लागल्या.

वाट चुकायची भीती नव्हती, दगडांवर पिवळ्या खुणा केलेल्या होत्या. भीती होती ती सासूबाईंच्या स्मरणशक्तीची. अकरा वर्षं त्यांनी जावयाचा शब्द न् शब्द मनात साठवून ठेवला होता. पहिल्या शिखरावर पोचल्या पोचल्या त्यांनी विचारलं, "ती खुर्चीसारखी शिळा कुठे आहे? तुम्ही बसून चहा पिता ती?"

चष्मेवाला धापा टाकत होता म्हणून वाचला. छापखानेवाल्याने चटकन एका धोंड्याकडे बोट केलं. "ही काय."

सासूबाई बसल्या आणि लगेच उठल्या. "टोचते हो ही."

"थंडीने आक्रसलीय," सर म्हणाले. गणिताचा माणूस संकटात सापडला की पदार्थविज्ञानात शिरतो.

"दमला असाल ना, आई?" चष्मेवाल्याने मोठ्या आशेने विचारलं. "परत फिरायचं का? आमचं काय, आम्ही दरवर्षीच करतो."

"छे हो. आत्ता कुठे अंग मोकळं होतंय."

दुसऱ्या शिखरावर त्यांना एकटं उभं असलेलं झाड हवं होतं. तिथे खुरटं गवतसुद्धा धड नव्हतं. "वादळात पडलं," छापखानेवाला म्हणाला. सासूबाईंनी बुंधा कुठाय विचारलं, तेव्हा तो लोकांनी जाळायला नेला. मुळं कुठायत विचारलं, तेव्हा सरांनी नकाशा डोळ्यांसमोर धरला आणि बराच वेळ खाली केला नाही.

तिथून पुढे योजनेला उलटी गती आली. दमणारं माणूस पुढे चाललं होतं आणि दमवणारे तिघे मागे खुरडत होते. सरांचा गुडघा बोलायला लागला. छापखानेवाल्याच्या नव्या मोज्यांनी त्याची टाच सोलून काढली. चष्मेवाल्याच्या चष्म्यावर वाफ धरत होती, पुसायला थांबलं की घाम गार पडून कापरं भरत होतं. सासूबाई मधूनच थांबून म्हणायच्या, "सावकाश या, घाई नाही." यासारखं जिव्हारी लागणारं वाक्य पुरुषाने डोंगरावर ऐकू नये.

तिसऱ्या शिखरावर वारा असा होता की डब्याचं झाकण उडून दरीत गेलं. सासूबाईंनी पदर कमरेला खोचला. "इथून तळं दिसतं ना तुमचं? निळं, बशीएवढं?"

चष्मेवाल्याने आता सगळी आशा सोडली होती. तळं आटलं म्हणून सांगावं अशा विचाराने त्याने चष्मा पुसला आणि खाली पाहिलं. दोन डोंगरांच्या मधोमध, निळं, बशीएवढं तळं होतं.

"अरे, खरंच आहे!" तो ओरडला.

सरांनी त्याच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता. सासूबाईंनी एकदा तळ्याकडे पाहिलं, एकदा जावयाकडे पाहिलं आणि डबा उघडला.

तिसऱ्या आणि चौथ्या शिखराच्या मधल्या खिंडीतून एक सोपी वाट खाली उतरत होती. तिथे सरांच्या गुडघ्याने काखा वर केल्या. त्यांना एकटं कसं सोडायचं म्हणून माणुसकीने छापखानेवालाही त्यांच्याबरोबर निघाला. ते दोघे खाली गेले आणि नेहमीच्या खोलीत जाऊन झोपले, पण ते नंतर कळलं.

खिंडीत चष्मेवाला आणि सासूबाई दोघंच उरले. समोर चौथ्या शिखराचा चढ होता, त्याच्यामागे पाचव्याचं टोक. चष्मेवाला दगडावर बसला. आता आणखी एक थाप मारायची ताकद त्याच्यात नव्हती.

"आई," तो म्हणाला, "एक सांगायचंय. मी याआधी इथे कधी आलोच नव्हतो. पहिल्या शिखरावरसुद्धा नाही. आम्ही खाली पत्ते खेळायचो."

"ठाऊक आहे."

"तळ्यापाशी कळलं ना?"

"तळं कशाला? थोडं पुढे जाऊन तुम्ही लोक बुटांच्या नाड्या बांधत होता ना, तेव्हा तो खोलीवाला मागून माझ्याजवळ आला. म्हणाला, यंदा चौथा भिडू तुम्ही का?"

चष्मेवाल्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलले असते तर तुम्ही परत नेलं असतं." सासूबाई त्याच्या शेजारी बसल्या. "तुमचे सासरे दर हिवाळ्यात म्हणायचे, पुढच्या वर्षी नेतो तुला डोंगरावर. तीस वर्षं म्हणाले. माणूस सरळ, थाप म्हणून कधी मारली नाही. पण डोंगर काही दिसला नाही. तुमची गोष्ट ऐकली की मी रात्री पडल्या पडल्या पाचही शिखरं चढून यायचे. झाड बघायचे, तळं बघायचे. मला काय, मी चढतच होते."

चष्मेवाल्याने आयुष्यात पहिल्यांदा या बाईकडे नीट पाहिलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"माफ करा, आई. चला, उतरू या. ही वाट सोपी आहे."

"उतरू या कसं? तीन झाली, दोन उरली. ती केली की निदान यंदाचं तरी खरं होईल. उठा."

तो उठला. चौथं शिखर त्याने जवळजवळ हातांनी चढलं. पाचव्याच्या शेवटच्या चढावर सासूबाईंचाही श्वास फुलला, तेव्हा त्याला इतका आनंद झाला की तो दहा पावलं भराभर चढला आणि नंतर तितकाच वेळ आडवा पडला. दोघं एकमेकांना हात देत वर पोचले. वर काहीच नव्हतं. दगडांचा एक ढीग, गंजकी लोखंडी कांब आणि चारी बाजूंनी आभाळ. पाचव्या शिखराचं वर्णन चष्मेवाल्याने इतक्या वेळा केलं होतं आणि आज त्याला एक शब्द सुचेना. सासूबाईंनी दोन्ही हात पसरून वारा अंगावर घेतला.

परतीच्या बसमध्ये चष्मेवाल्याने निश्चय केला. आज घरी सगळं खरं सांगायचं. अकरा वर्षांचं खोटं कबूल करायचं आणि त्यावर आजची खरी पाच शिखरं ठेवायची. लोक हसतील तर हसू देत, पहिल्यांदाच त्याच्याजवळ सांगण्यासारखं खरं काहीतरी होतं.

घरी सगळे वाट बघत होते. थोरली मेव्हणी, पूल बांधणारा थोरला जावई, झाडून सगळे. चष्मेवाला भिंत धरून आत आला आणि पहिल्या खुर्चीत कोसळला. बायकोने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"अहो, दरवर्षी तर अगदी ताजेतवाने येता. आज हे काय झालं? खरंच गेला होता ना डोंगरावर?"

थोरला जावई पुढे सरकून बसला. चष्मेवाल्याने समोर ठेवलेल्या घमेल्यात पाय सोडले नाहीत. गरम पाण्यात त्याचा निश्चय टिकत नाही, हे त्याला आता कळलं होतं. तो ताठ बसला.

"आज मी सगळं खरं सांगणार आहे," तो म्हणाला. "आम्ही दोघांनी आज पूर्ण..."

"सात," सासूबाई म्हणाल्या.

त्या बुटांच्या नाड्या सोडत होत्या, मान वर न करता बोलत होत्या.

"सात?" थोरल्या जावयाने विचारलं. "पाचच आहेत ना पण?"

"पाच यांची नेहमीची. मी बरोबर होते म्हणून म्हटलं, पुढची दोन पण करून टाकू. काय ती चढण होती सांगू! सहाव्यावर तर कुणी जातच नाही. हे दमले हो शेवटी, मीच थांबत होते यांच्यासाठी."

यातलं शेवटचं वाक्य तेवढं खरं होतं.

मेव्हणीने खुर्ची उचलून आईजवळ नेली. थोरला जावईही तिकडे वळला. सासूबाईंचा चेहरा असा उजळला होता की त्यांच्या वयाचे दहा हिवाळे कमी झाले असावेत. बायको मात्र चष्मेवाल्याकडेच बघत होती.

"अहो, आई म्हणतेय ते खरं? सात?"

चष्मेवाल्याने सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनीही नाडी अर्धवट सोडून पहिल्यांदा मान वर केली होती आणि श्वास रोखला होता. त्याने हळूच दोन्ही पाय गरम पाण्यात सोडले.

"सातच," तो म्हणाला. "आठवं धुक्यामुळे राहिलं."