मुद्देमाल : एक उखळ

मंगळवारी सकाळी ओडुमक्रोमच्या पोलीस ठाण्यात चीफ इन्स्पेक्टर क्वाकू ड्वोमो कोऱ्या कागदासमोर बसले होते. आरोपीला सोमवारी दुपारी पकडलं होतं. अठ्ठेचाळीस तासांच्या आत, म्हणजे बुधवारी सकाळी, त्याला कोर्टात उभं करायचं होतं आणि त्याआधी आरोपपत्र लिहून व्हायला हवं होतं. आरोपी समोरच्या बाकावर पायावर पाय टाकून बसला होता. मुद्देमाल खिडकीबाहेर आंब्याखाली होता : फुफू कांडायचं लाकडी उखळ, इतकं जड की ते आणताना ठाण्याच्या जीपची मागची फळी मोडून पडली.

ड्वोमोंनी आरोपपत्रांची धास्ती घेतली होती. वर्षभरात त्यांची तीन आरोपपत्रं मॅजिस्ट्रेट डेन्सुआबाईंनी फेटाळली होती. पहिल्यात त्यांनी कोंबडी चोरणं आणि कोंबडीच्या मालकाच्या थोबाडीत मारणं एकाच आरोपात बसवलं होतं. दुसऱ्यात गुन्हा कुठे घडला तेच लिहायचं राहिलं. तिसरं त्यांनी जुन्या कागदावरून उतरवून काढलं आणि सायकलचोराच्या जागी एका न्हाव्याचं नाव तसंच राहून गेलं. न्हावी महिन्यापूर्वीच निर्दोष सुटला होता. तो पुन्हा घाबरून गाव सोडून गेला, तेव्हापासून ठाण्यातल्या सगळ्यांचे केस वाढले होते.

"चौथं फेटाळलं गेलं," कमांडरसाहेब म्हणाले होते, "की तुमची रवानगी उत्तरेच्या सीमेवर. नाक्यावर. तिकडे फुफू मिळत नाही, आत्ताच सांगून ठेवतो. बाजरीचा गोळा खातात."

ड्वोमो हाडाचे अशांती जमातीचे. दुपारी फुफूचा मऊ गोळा पोटात गेला नाही, तर आपण जेवलो हे त्यांना पटतच नसे.

त्यांनी पेन उचललं.

मसुदा पहिला

गुन्हा : चोरी व शांतताभंग होईल असे वर्तन.

तपशील : अँथनी ताबिरी, वय ६७, निवृत्त मुख्याध्यापक. आपण सोमवार दि. ४ मे रोजी मॅडम अफ्राकोमा यांचे उखळ चोरून नेले आणि त्यावर वर्तमानपत्र वाचत बसून, उठण्यास सांगितले असता उठला नाहीत.

"क्वाकू," बाकावरून आवाज आला, "काय लिहिलंयस ते वाच बघू."

"मास्तर, तुम्ही आरोपी आहात."

"म्हणूनच विचारतोय. माझ्याविषयी लिहितोयस, ते मला नको कळायला?"

ताबिरी मास्तरांनी ओडुमक्रोममधल्या तीन पिढ्यांना लिहायला शिकवलं होतं. ड्वोमो त्यातल्या दुसऱ्या पिढीतले. म्हणूनच मास्तर कोठडीऐवजी बाकावर होते आणि म्हणूनच चीफ इन्स्पेक्टर नकळत उभे राहून वाचू लागले.

"थांब. नेलं, बसला, उठला नाही. किती क्रियापदं झाली? एका वाक्यात दोन गुन्हे कोंबलेस तू. आरोपीने उत्तर कशाचं द्यायचं?"

पहिल्या आरोपपत्राच्या वेळी डेन्सुआबाई शब्द न् शब्द हेच बोलल्या होत्या.

"मग काय करू, मास्तर?"

"एक ठेव, एक गाळ. मोठा ठेव, धाकटा गाळ. आणि गाव कुठाय? वस्तूचं वर्णन कुठाय? लाल पेन दे इकडे."

आता उखळाविषयी. मॅडम अफ्राकोमाची खानावळ कोर्टाच्या मागच्या गल्लीत होती आणि मास्तरांचं घर तिला भिंतीला भिंत लावून. सकाळी दहापासून दोन धिप्पाड माणसं तिथे मुसळांनी फुफूसाठी कसाव्याचे कंद आणि केळी कांडत. एकेका घावासरशी मास्तरांच्या भिंतीवरचं घड्याळ पुढे सरके आणि साडेअकराच्या सुमाराला खाली पडे. त्यांनी अफ्राकोमाला चारदा सांगून पाहिलं, की उखळ जरा पलीकडे घे. ती चारही वेळा म्हणाली, "घड्याळ पलीकडे घ्या." शेवटी सोमवारी सकाळी नऊ वाजता, सगळ्या गल्लीदेखत, मास्तरांनी उखळ कलतं केलं, गडगडत आपल्या अंगणात नेलं, उपडं घातलं आणि त्यावर बसून वर्तमानपत्र उघडलं.

"उठा मास्तर!"

मास्तरांनी पान उलटलं.

तेवढ्यावर अफ्राकोमा थेट ठाण्यात आली.

मसुदा दुसरा (लाल पेनाने दुरुस्त)

गुन्हा : चोरी. कलम १२४, पोटकलम १.

तपशील : अँथनी ताबिरी, वय ६७, निवृत्त मुख्याध्यापक. आपण सोमवार दि. ४ मे रोजी, सकाळी नऊच्या सुमारास, ओडुमक्रोम येथे, या न्यायालयाच्या हद्दीत, ओडुम लाकडाचे एक उखळ, किंमत आठशे सेडी, मालक मॅडम अफ्राकोमा, अप्रामाणिकपणे चोरून नेले.

"‘अप्रामाणिकपणे’ घातलंस ना?" मास्तरांनी विचारलं. "त्याच्याशिवाय चोरी उभी राहत नाही."

"घातलं. पण मास्तर, तुम्ही तर..."

"ते तू कोर्टात सिद्ध कर. मी व्याकरण पाहतोय."

कॉन्स्टेबल एसेनामने कागद टाइप केला. नवी मुलगी, व्होल्टाकडची, मोजकं बोलणारी. शेवटची ओळ झाल्यावर ती म्हणाली, "साहेब, दुपारचं जेवण?"

ड्वोमोंनी खिडकीबाहेर पाहिलं. गावातल्या एकमेव खानावळीचं उखळ आंब्याखाली उभं होतं, सुतळीने बांधलेलं, वर लाखेची मोहोर. त्या दिवशी ठाण्याने पाण्यात भिजवलेली गारी, म्हणजे कसाव्याचा भाजका रवा, खाल्ली. पलीकडे कोर्टाच्या कारकुनांनीही तेच खाल्लं. सोमवारीही तेच झालं होतं.

बुधवारी डेन्सुआबाईंनी आरोपपत्र एकदा वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. मग कागद उजेडाकडे धरून तिसऱ्यांदा वाचलं.

"चीफ इन्स्पेक्टर, हे कुणी लिहिलं?"

"मी, बाईसाहेब."

"ड्वोमो."

"आरोपीने तपासून दिलं, बाईसाहेब."

मास्तरांनी मान किंचित लववली.

"एक चूक नाही यात," बाई म्हणाल्या. ड्वोमोंची छाती वर्षभरात पहिल्यांदा फुगली. "आरोपी, गुन्हा कबूल आहे?"

"नाही."

"मग साक्षीपुरावा आला. दोन आठवडे तहकूब. मुद्देमाल निकालापर्यंत ठाण्याच्या ताब्यात राहील."

कारकुनाने लेखणी खाली ठेवली. पट्टेवाल्याच्या पोटातून आलेला आवाज मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

मॅडम अफ्राकोमा उठली. "दोन आठवडे? बाईसाहेब, मग मी कांडू कशात? ह्यांच्या टोपीत?" तिने ड्वोमोंकडे बोट केलं.

"खाली बसा."

"मला चोर नको, मला उखळ पाहिजे! मिटवून टाकते मी. घरी बसून मिटवतो आम्ही, काय हो मास्तर?"

"मिटवता येत नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्याही स्वरात काहीतरी होतं, कारण कोर्टाचा डबा गेली सहा वर्षं अफ्राकोमाकडूनच येत होता. "लहान गुन्हा असता तर मीच समेट करून दिला असता. चोरी हा मोठा गुन्हा. त्यात कायदा मला समेट करू देत नाही. आरोपपत्रात काही खोट असती, तर गोष्ट निराळी होती. मी तीनदा शोधली."

सगळ्या कोर्टाने ड्वोमोंकडे पाहिलं. जन्मभर चुका करणाऱ्या माणसाला नेमकी आजच अक्कल सुचावी, असं त्या नजरांत स्पष्ट लिहिलं होतं.

"मास्तर," कारकून कुजबुजला, "कबूल करून टाका ना. किरकोळ दंड होईल. उखळ लगेच परत. एक वाजेपर्यंत कांडून होईल."

"दर रविवारी चर्चमध्ये देणगीची थाळी मी फिरवतो," मास्तर मोठ्याने म्हणाले. "चोराने फिरवायची काय?"

"पण मास्तर, आरोपपत्र तर तुम्हीच लिहिलंत!"

"वाक्य बरोबर आहे. पण खोटं आहे."

बाईंनी अर्ध्या तासाची सुट्टी जाहीर केली. उठता उठता त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "निकालाआधी फिर्यादी पक्षाला आरोप मागे घेऊन दुसरा ठेवता येतो. हे मी कुणाला सुचवत नाहीये."

ड्वोमो आंब्याखाली येऊन उखळाच्या काठावर टेकले. एकीकडे त्यांच्या आयुष्यातलं पहिलं निर्दोष आरोपपत्र, दुसरीकडे गारीचे दोन आठवडे. मागे घ्यावं तर कमांडर ते चौथं धरणार. त्याच्या जागी लिहिलेल्यात चूक निघाली तर पाचवं. दोन्हीकडून बाजरीच.

एसेनाम कागदाचं पॅड घेऊन उभी राहिली. तिच्यामागून आरोपी आला. त्याच्यावर पहारा ठेवायचं कुणाच्याच ध्यानात नव्हतं.

"क्वाकू, काल मी तुला काय गाळायला सांगितलं?"

"धाकटा गुन्हा."

"चूक माझी होती," मास्तर म्हणाले. पस्तीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. एसेनामने ते पॅडवर लिहून घेतलं. "मी काय केलं, तेवढंच लिही. जास्त नाही, कमी नाही. आणि ह्या वेळी मी लाल पेन हातात घेणार नाही."

ड्वोमोंनी पेन उचललं. गाव. तारीख. वेळ. हद्द. एक वाक्य, एक गुन्हा. त्यांनी नाव दोनदा तपासलं, न्हाव्याची आठवण येऊन तिसऱ्यांदा तपासलं.

मसुदा तिसरा (आंब्याखाली, हाताने)

गुन्हा : शांतताभंग होईल असे अपमानकारक वर्तन. कलम २०७.

तपशील : अँथनी ताबिरी, वय ६७, निवृत्त मुख्याध्यापक. आपण सोमवार दि. ४ मे रोजी, सकाळी नऊच्या सुमारास, ओडुमक्रोम येथे, या न्यायालयाच्या हद्दीत, मॅडम अफ्राकोमा यांच्या उखळावर बसलेले असताना, उठण्यास सांगितले गेल्यावर वर्तमानपत्राचे पान उलटले, ज्यायोगे शांतताभंग होण्याचा संभव होता.

मास्तरांनी हात मागे बांधून वाचलं.

"पान उलटलं, हे मला मान्य आहे," ते म्हणाले. "दहापैकी नऊ."

"एक कशाबद्दल कापला?"

"अक्षर."

पुढचं सगळं वीस मिनिटांत आटपलं. चोरीचा आरोप मागे घेतला गेला, नवा दाखल झाला. बाईंनी त्यात चूक शोधली नाही. शोधण्याइतकी ताकद उरली नव्हती. आरोपीने गुन्हा कबूल केला, फिर्यादीने माफ केलं, कोर्टाने समेटाच्या अटी विचारल्या.

"उखळ माझ्या भिंतीला नको," मास्तर म्हणाले.

"आणि कोर्टापासून लांब मी नेणार नाही," अफ्राकोमा म्हणाली. "गिऱ्हाईक तुटतं."

"पण ते हलवायचं कुणी?" पट्टेवाला म्हणाला. "जीपची फळी मोडलीय."

सगळ्यांच्या मनात एकदमच आलं असावं. बाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. आंबा, सावली, ठाण्याचं मोकळं आवार, कोर्टापासून चाळीस पावलं.

"आहे तिथेच राहू द्या," त्या म्हणाल्या. "कुणाची हरकत?"

ड्वोमोंना थोडी होती. पण ते उभे राहीपर्यंत कारकुनाने लिहून घेतलं होतं, बाईंनी सही केली होती आणि बाहेर लाख फोडल्याचा आवाज आला होता. एकच्या ठोक्याला सगळं कोर्ट बकऱ्याच्या रश्श्यात बोटं बुडवून बसलं. ड्वोमोंच्या वाडग्यात अफ्राकोमाने मटणाचे दोन तुकडे जास्त टाकले. कमांडरसाहेबांनी बदलीचा कागद ड्रॉवरमध्ये ठेवला आणि आणखी एक गोळा मागवला.

आंबा ठाण्याच्या ज्या खिडकीबाहेर होता, ती ड्वोमोंची खिडकी होती.

दहा वाजता पहिला घाव पडे. टेबलावरचा शिक्का उडी मारी. दुसऱ्या घावाला टाचण्यांची डबी, तिसऱ्याला ड्वोमो. साडेदहापर्यंत आरोपपत्रावर छताचा चुना भुरभुरलेला असे. मारहाणीच्या एका आरोपात हात असा हलला, की वय चोवीसचं दोनशे चार झालं. एसेनामने वेळेवर पाहिलं म्हणून निभावलं. ड्वोमोंनी अफ्राकोमाला चारदा सांगून पाहिलं, की उखळ जरा पलीकडे घ्या.

"टेबल पलीकडे घ्या, साहेब," ती म्हणाली.

तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी नऊ वाजता, मॅडम अफ्राकोमा ठाण्याच्या आवारात आली तेव्हा उखळ आंब्याखाली नव्हतं. ते फाटकापाशी, उपडं होतं. त्यावर पूर्ण गणवेशात चीफ इन्स्पेक्टर ड्वोमो बसले होते आणि वर्तमानपत्र वाचत होते.

"साहेब, उठा!"

ड्वोमोंनी पान उलटलं.

रस्त्याने मास्तर चालले होते. ते थांबले, पाहिलं आणि खिडकीत उभ्या असलेल्या एसेनामला हाक मारली, "पोरी, एकच गुन्हा लिही हं. धाकटा."

एसेनामने मशीनमध्ये नवा कागद सरकवला.

"साहेब," तिने खिडकीतून विचारलं, "वय काय घालू?"