खाते क्रमांक सत्त्याऐंशीच्या मिशा

पैसा सुरक्षित ठेवायचा असेल, तर तो सर्वप्रथम त्याच्या मालकापासून दूर ठेवावा लागतो, हे अर्थशास्त्राचे मूलतत्त्व आहे. चोर वर्षातून एखाद्या वेळी येतो. मालक रोज घरीच असतो. त्याला किराणा लागतो, बैलाला वेसण लागते, सासुरवाडीला जाताना नवा सदरा लागतो. आमच्या भागात सन १९५४ पर्यंत लोक पैसे कणगीच्या तळाशी, चुलीमागच्या भिंतीत किंवा बायकोजवळ ठेवीत. पहिल्या दोन ठिकाणांहून ते परत मिळण्याचा संभव असे. हा बेशिस्तपणा संपवण्यासाठी कामरगावात ‘परस्पर विश्वास सहकारी बँक’ उघडण्यात आली. मी तिचा भागधारक क्रमांक एकतीस आहे. (भाग दहा रुपयांचा. नफ्याचे वाटप विचाराधीन आहे.)

बँकेला सहा महिने होतात न होतात तोच एक अफरातफर झाली. आसेगावच्या एका इसमाने दुसऱ्याच्या खात्यातले अकरा रुपये नेले. अंगठ्याचा ठसा घेतला होता, पण ठसा वाचता येणारा माणूस शाखेत नव्हता. कारकून फुलचंदला सगळे अंगठे सारखेच दिसत. तिसऱ्या दिवशी तो इसम स्वतःच परत आला, चूक झाली म्हणाला, अकरा रुपये ठेवले आणि वर शेरभर बोरे देऊन गेला. पैसे परत आले ही गोष्ट खरी. परंतु ते बँकेच्या प्रयत्नांशिवाय परत आले, हे मॅनेजर गोपीचंद यांना फार लागले.

गोपीचंद यांचे नागपूरला तीन दिवस शिक्षण झालेले होते. (पैकी दोन दिवस सुट्टी होती.) त्यांनी प्रत्येक खातेदाराचे पिवळ्या जाड पुठ्ठ्याचे ओळखकार्ड करण्याची योजना आखली. फोटो काढायचे तर अकोल्याहून फोटोग्राफर आणावा लागतो आणि तो एका तोंडाचा सव्वा रुपया घेतो. म्हणून कार्डावर फोटोऐवजी ‘कायमची ठळक खूण’ लिहावी असे ठरले. बाजाराच्या दिवशी सकाळी अकरा ते चार या वेळात फुलचंदने दोनशे बारा खातेदार समोरून नेले, आणि प्रत्येकाचे जे पहिल्या नजरेत भरले ते लिहून टाकले. गोषवारा असा: मिशा चौऱ्याहत्तर, फेटा अठ्ठावन्न, टोपी एकतीस, सावळा रंग बावीस, डोक्यावर पदर अकरा, बरोबर बैल नऊ, खोकला सहा, हसरा चेहरा एक.

हसरा चेहरा तुळसाबाईंचा होता. त्यांना त्यानंतर एकदाही पैसे काढता आले नाहीत, कारण पैसे मिळत नाहीत म्हटल्यावर त्या हसत नाहीत, आणि हसत नाहीत म्हणून पैसे मिळत नाहीत. माझी स्वतःची खूण टोपी आहे. मी तेव्हापासून टोपी घालूनच झोपतो.

कार्डे बँकेच्या पेटीत कुलपात राहत आणि खातेदाराला दाखवली जात नसत. (मला फुलचंदने खासगीत सांगितले.) दाखवली असती तर लबाड माणसाला खातेदारासारखे दिसण्याची संधी मिळाली असती. याबद्दल गोपीचंद यांचे कौतुक करावे तेवढे थोडे.

आता धनजच्या जगदेवकडे येतो. जगदेव रामराव काळबांडे, खाते क्रमांक सत्त्याऐंशी, शिल्लक तीनशे दहा रुपये. कापसाचे हे पैसे त्याचे वडील रामराव यांनी मुलाच्या नावावर ठेवले होते. कार्डावरील खूण: ‘भरघोस मिशा, दोन्ही टोके वर’. पौषात रामराव वारले. त्यांच्या दारातून कोणी जेवल्याशिवाय परत गेलेला मला आठवत नाही. मी स्वतः तर मुद्दाम जेवणाच्या वेळी त्या बाजूला जात असे. जगदेवला फार दुःख झाले. हे मी थट्टेने लिहीत नाही. एकुलता एक मुलगा, त्याने दहाव्या दिवशी नदीवर रीतीप्रमाणे डोके भादरले आणि मिशा काढल्या. तेराव्याला अख्खे धनज आणि आजूबाजूची चार गावे जेवायला बोलावली होती. बापाच्या नावाने कोणी उपाशी उठू नये, एवढीच त्याची इच्छा होती. त्यासाठी दीडशे रुपये काढायला तो अकराव्या दिवशी बँकेत आला.

फुलचंदने उठून पाण्याचा तांब्या पुढे केला.

“बसा जगदेवभाऊ. लय मोठा मानूस गेला. मी होतो नं मौतीले.”

“दीडशे रुपये पायजे होते, फुलचंदभाऊ. परवा तेरवी हाय.”

फुलचंदने पेटी उघडून कार्ड काढले. एकदा कार्डाकडे पाहिले, एकदा जगदेवकडे पाहिले, आणि तांब्या मागे घेतला.

“आपलं नाव काय?”

“काहून? आत्ताच तं जगदेवभाऊ म्हनलं तुमी मले.”

“ते फुलचंद म्हनला. आता बँक इचारून राह्यली.”

“अन् बँक मले वळखत नाही?”

“कार्डावर मिशा हायेत. तुमाले नाहीत.”

“बाप मेल्यावर मिशा कोन ठेवते, फुलचंदभाऊ?”

“कोनीच नाही ठेवत. तुमी केलं ते बरोबरच केलं. पन ते जगदेवनं केलं का दुसऱ्या कोनं, हे बँकेले कसं समजीन?”

हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही. मॅनेजर गोपीचंद बाहेर आले. त्यांनी प्रथम दोन मिनिटे शोक व्यक्त केला (ही वेळ कामकाजातून वजा करण्यात आली) आणि मग तीन मार्ग सांगितले. पहिला, मिशा वाढेपर्यंत थांबावे; बँकेच्या अंदाजाप्रमाणे भरघोसपणास चार महिने लागतात. दुसरा, खूण बदलण्यासाठी अर्ज करावा. मात्र अर्ज खातेदाराने समक्ष येऊन, मूळ खुणेसह करावयाचा असतो. तिसरा, काढलेल्या मिशा हजर कराव्यात.

“त्या तं नदीत सोडल्या, साहेब,” जगदेव म्हणाला.

“पुरावा नष्ट केला,” असे फुलचंदने पेन्सिलीने लिहून घेतले.

जगदेव त्या दिवशी रिकाम्या हाताने धनजला गेला. बँक मात्र स्वस्थ बसली नाही. तिने खातेदाराला सावध करणे हे आपले कर्तव्य मानले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टमनने जगदेवच्या हातात एक पत्र ठेवले. त्याने ते आई मनकर्णाबाईला वाचून दाखवले:

‘रा. रा. जगदेव रामराव काळबांडे यांस. आपणास कळविण्यात येते की, एक बिनमिशीचा, डोके भादरलेला इसम आपले नाव सांगून आपल्या खात्यातून दीडशे रुपये काढण्याच्या प्रयत्नात आहे. सदर इसम आपल्या वडिलांच्या निधनाचा गैरफायदा घेत असून त्याला आपल्या घरची बारीकसारीक माहिती आहे. तो आपल्या अगदी जवळचा असण्याचा संभव आहे. त्यास घरात घेऊ नये.’

मनकर्णाबाईने पदर कमरेला खोचला. “कोन मुडदा हाय तो? मानसाची राख थंडी नाही झाली, अन् पैशावर डोया ठेवून राह्यला!”

“माय, तो मीच आहो.”

“तू गप राह्य. बँकेनं का खोटं लिवलं? शिक्का हाय त्याच्यावर.”

तिने त्या दिवशी दाराला कडी लावली, आणि जगदेवला दोनदा आतून विचारूनच घरात घेतले. आईचे चुकले असे मला वाटत नाही. पोर आपण जन्माला घालतो, पण शिक्का सरकारातून येतो.

तेरवीला एक दिवस राहिला होता. तेव्हा तांड्यावरचा किसनसिंग पुढे आला. किसनसिंग आणि जगदेव यांची लहानपणापासूनची दोस्ती. किसनसिंग जगदेवपेक्षा वीतभर उंच होता, रंगाने गोरा होता, त्याच्या कानात सोन्याची बाळी होती, आणि जगदेवशी त्याचे काहीच जुळत नव्हते. पण मिशा अशा होत्या की त्यांच्या दोन्ही टोकांवर लिंबू ठेवावे. दुपारी दोघे मिळून बँकेत गेले.

“नाव?” फुलचंदने विचारले.

“जगदेव रामराव काळबांडे,” किसनसिंग म्हणाला. त्याला खोटे बोलायची सवय नव्हती, त्यामुळे तो जरा मोठ्याने बोलला.

फुलचंदने कार्ड त्याच्या तोंडाजवळ धरले. भरघोस, होय. दोन्ही टोके वर, होय. त्याने गोपीचंद यांना बोलावले. त्यांनीही पाहिले आणि समाधानाने मान हलवली. दीडशे रुपये मोजून किसनसिंगच्या हातात देण्यात आले. ही बँक किती झटपट काम करते हे ज्यांना पाहायचे असेल, त्यांनी त्या दिवशी तिथे असायला हवे होते. मी होतो.

किसनसिंगने तिथल्या तिथे नोटा जगदेवकडे दिल्या. तेव्हा फुलचंद खिडकीतून वाकला आणि कळवळून किसनसिंगच्या कानात म्हणाला, “जगदेवभाऊ, बेकूब झाले काय तुमी? ज्याच्याबद्दल कागद धाडला तोच हा मानूस. तुमच्या बाजूले उभा हाय, अन् तुमी त्याच्याच हातात पैसे देऊन राह्यले?”

“राहू द्या,” किसनसिंग म्हणाला. “त्याच्या घरी उद्या तेरवी हाय.”

फुलचंदच्या डोळ्यांत पाणी आले. इतक्या दिलदार मनाचा जगदेव आपण यापूर्वी पाहिला नव्हता, असे तो मला म्हणाला, आणि ते खरेच होते.

तेरवी झाली. बुंदी, भाजी, वरण, पोळ्या. सव्वातीनशे पान उठले आणि कोणीही उपाशी उठले नाही. मी बुंदी तीनदा घेतली. गोपीचंद आणि फुलचंदही पंगतीत होते. जगदेवने स्वतः त्यांना आग्रह करकरून वाढले, आणि दोघांनी त्याला नावाने हाक मारून आणखी वरण मागितले.

इकडे बँकेने प्रकरणातून धडा घेतला. एका खुणेवर विसंबणे धोक्याचे आहे, हे सिद्ध झाले होते. म्हणून ज्या खात्यावर लबाडीचा प्रयत्न झाला, त्याच्या कार्डावर आणखी एक खूण चढवावी असा ठराव झाला. पैसे घेऊन गेलेल्या खातेदाराचे जे फुलचंदच्या लक्षात राहिले होते, ते त्याने लिहिले: ‘डाव्या कानात सोन्याची बाळी’. वार्षिक अहवालात ‘झालेल्या अफरातफरी: शून्य, रोखलेल्या अफरातफरी: एक’ असे छापून आले, आणि सर्वसाधारण सभेत टाळ्या पडल्या. त्यात माझ्याही होत्या.

चार महिन्यांनी जगदेवच्या मिशा परत आल्या. पूर्वीपेक्षा दाट आल्या. पेरणी तोंडावर होती. सरकी घ्यायची होती. उरलेले एकशे साठ रुपये काढायला तो मोठ्या उमेदीने बँकेत गेला आणि खिडकीपुढे मिशांना पीळ देऊन उभा राहिला. फुलचंदने मिशांना हरकत घेतली नाही. त्याने कान पाहिला.

किसनसिंगला बोलवावे, तर तो मोहनसिंग मुकादमाच्या टोळीबरोबर खडी फोडायला गेला होता, आणि तो आषाढाशिवाय परतणार नव्हता. कानात बाळी घालावी म्हणून जगदेवने कान टोचून घेतला, तर फुलचंदने ‘भोक ताजे’ असा शेरा मारला. शेवटी गोपीचंद यांनी नियम सात काढला. बँकेच्या पाच भागधारकांनी ‘हा इसम जगदेवच आहे, आम्ही याला ओळखतो’ असे लिहून दिले, तर पैसे मिळतील. पुढेमागे तो जगदेव नाही असे ठरले, तर रक्कम त्या पाचांच्या ठेवीतून वळती होईल.

पाच माणसे म्हणजे काय मोठी गोष्ट. जगदेवला जन्मल्यापासून ओळखणारे भागधारकच तीस-चाळीस होते. तसा कागद घेऊन तो घरोघर फिरला. अमरसिंग म्हणाले, मी तुला ओळखतो, पण काहीतरी माहीत असल्याशिवाय बँक तुला नाही म्हणणार नाही. रामकिसनने सांगितले, आधी चौघांच्या सह्या आण, पाचवी माझी. असे पाचवे सही करणारे अकरा जण निघाले. एकाने सही केली आणि संध्याकाळी बायकोने सांगितल्यावर येऊन खोडली.

माझ्याकडे तो भर दुपारी आला. उन्हाने लाल झालेला, कान सुजलेला. “काका,” तो म्हणाला, “तुमी तं मले कडेवर खेयवलं. तुमाले ठाऊक नाही काय, मी कोन आहो?” मी म्हणालो, ठाऊक आहे बाबा, पण माझा चष्मा दुरुस्तीला गेला आहे. चष्मा माझ्या नाकावर होता. त्याने तो पाहिला, कागदाची घडी घातली आणि गेला. मला त्या दिवशी जेवण गेले नाही. आमच्या बँकेच्या नियमांत अशा गोष्टीसाठी रकाना नाही.

जगदेव अजून दर बाजाराच्या दिवशी बँकेच्या पायरीवर तो कागद घेऊन बसतो. मृग उद्यावर आला आहे. कागदावर एका खोडलेल्या सहीखेरीज काही नाही. भागधारकच पाहिजे अशी अट होती, तीही गोपीचंद यांनी उदार मनाने सैल केली आहे. ज्याला त्याची सगळी हकीकत ठाऊक आहे असा कोणीही चालेल. म्हणजे वाचकहो, आपणही चालाल. तो जगदेवच आहे हे आता आपल्याइतके कोणाला ठाऊक नाही. कार्डावर काय लिहिले होते आणि ते कसे लिहिले गेले, हे आपण सगळे वाचले आहे, आणि मधूनमधून हसलाही असाल. दौत पायरीवरच आहे. खाली फक्त आपले पूर्ण नाव, गाव आणि ठेवीची रक्कम लिहायची आहे.

घाई असेल तर राहू द्या. आम्हा सगळ्यांनाही त्या दिवशी घाईच होती.